आडोशाची जागा

पुढं जायचा हुकूम आला तो फेब्रुवारीच्या सुरवातीला, सकाळी साडेसात वाजता. आमची कंपनी काश्मीरच्या वरच्या अंगाला होती. कंपनी खाली, पलटणीची एक पोस्ट लय वर, आन मधी डोंगराची आडवी सोंड. वरचा वायरलेस खाली पोचत नव्हता. म्हणून त्या सोंडेवर एक टेंट टाकायचा, एक सेट ठेवायचा, सहा माणसं तीन आठवडे राहायची, वरचा निरोप खाली आन खालचा वर करायचा. एवढंच काम. एकाहत्तरच्या लढाईला अजून दोन हिवाळे होते. आमच्यावर कुणी गोळी झाडत नव्हतं. मला वाटलं, मंग मरायचं कशानं.

मी सिपाही काशिनाथ, गाव कडाव, तालुका कर्जत. शिक्षण शाळेच्या ओट्यापर्यंत. आत बसलो ते दिवस बोटावर मोजावे एवढेच, आन त्यातला एक सुट्टीचा निघाला. सही पलटणीत शिकलो, ती दर पगाराला वेगळी येते. आता गावच्या शाळेच्या गुरुजींनी अंकासाठी फौजेची आठवण मागितली, तर मी सांगतो आन आमची मोठी पोरगी लिहिते.

आमच्या सहा जणांत वायरलेसवाला होता सिपाही लक्ष्मण. लखू. खालापूर तालुक्यातला, पाताळगंगेच्या काठचा. कंपनीत आमच्या भागातले आमी दोघंच. त्यामुळं आमचं भांडण रोजचं. मी म्हणायचो, तुमच्याकडं रेल्वे नाय, तुमी जंगली. तो म्हणायचा, "तुमच्या कर्जतला गाडी आली की घाट चढायला मागून इंजन लावतात. तुमा कर्जतकरांना मागून ढकलल्याबिगर चढताच येत नाय."

त्या दिवशी ते खरं झालं. चढ उभा होता. माझ्या पायाची बोटं आधीच्या महिन्यात काळी पडता पडता वाचली होती, आन थंडी तर मला बाकीच्यांपेक्षा दुप्पट वाजायची. तीन मोजे घालून बूट पायात जाईना, म्हणून एक मोजा मी हातात घातला होता. लखूच्या पाठीवर सेट आन बॅटरी. तरी सबंध चढभर त्याचा एक हात माझ्या पाठीवरच्या पिट्टूखाली होता. मधनं मधनं इंजनासारखं फुसफुस करायचा. बाकीचे हसायचे. मीपण हसायचो, पण दम लागल्यामुळं आवाज निघायचा नाय.

तीन वाजून दहा मिनिटांनी सोंडेवर पोचलो. वारा असा की तोंड उघडलं तर दात गार पडत. आमचे कमांडर होते हवालदार जाधव, सातारकडचे. बोलणं कमी. ते म्हणले, "पाच वाजता अंधारायला लागंल. त्याच्या आधी टेंट उभा पाहिजे. जागा कुठली?"

आता हे मला का विचारलं, ते सांगतो. सबंध हिवाळाभर मी फेकत होतो. आमच्या कडावला भाताच्या खळ्याची जागा मी वारा बघून ठरवतो, मांडवाची पाठ कुठल्या अंगाला करायची ते लोक मला विचारायला येतात, असं. खरं काय, तर ते सगळं माझा बा करायचा. मी खळ्यावर चहा प्यायचो. पण लंगरात जेवायला बसून सांगताना मी बाच्या जागी स्वतःला बसवलं आन ते सगळ्यांना पटलं.

जागा दोन होत्या. एक वरती, खडकाची सपाटी. उघडी, वाऱ्याच्या तोंडाशी. दुसरी पलीकडच्या अंगाला, चाळीस पावलं खाली, उताराच्या पोटाशी. ओंजळीसारखी खोलगट. तिथं उतरलो आन कानातला आवाज बंद झाला. मी मूठभर भुसभुशीत बरफ घेतला आन वर उडवला. वरच्या सपाटीवर उडवला होता तो दिसलापण नव्हता. इथला सरळ खाली आला आन माझ्या बुटांवर पडला.

मी म्हणलो, "बघा हवालदार साहेब. वारा मेला इथं."

लखू वर उताराकडं बघत उभा होता. तो म्हणला, "काशा, बरफाच्या क्लासात साहेबांनी सांगितलंय. उताराच्या पोटाशी टेंट टाकायचा नाय."

तो क्लास झाला तवा हवालदार साहेब रजेवर होते. मी हजर होतो, पण मागच्या रांगेत झोपलो होतो. आन मला ते कबूल करायचं नव्हतं.

मी म्हणलो, "साहेबांनी क्लास कुठं घेतला?"

"बराकीत."

"स्टोव्ह पेटलेला होता?"

"होता."

"मंग त्यांना वाऱ्याचं काय कळणार? तू स्टोव्हवाल्याचं ऐक, मी खळ्यावाल्याचं ऐकतो."

सगळे हसले. हवालदार साहेबांच्या पण मिशीखाली हललं. लखूनं माझ्या पायांकडं बघितलं आन तो गप बसला. मला वाटलं, जिंकलो. हसणारे माझ्या बाजूला होते, म्हणून जागा माझ्या बाजूला गेली. दुसरं काय कारण नव्हतं.

हवालदार साहेब म्हणले, "लावा खाली."

पाच वाजायच्या आत टेंट उभा झाला. मेखा बरफात धरत नव्हत्या, तर दोर दगडांना बांधून दगड पुरले. स्टोव्ह पेटला. वर सोंडेवर वारा गरजत होता आन आमच्या मेणबत्तीची ज्योत हलत नव्हती. एक जण म्हणला, "काशा, तू अनपढ बरा, पण कामाचा." मी त्या रात्री बूट काढून झोपलो. सबंध हिवाळ्यात पहिल्यांदा.

पुढचे तीन दिवस वारा थांबला नाय. वरून बरफ कमी पडत होता, पण वारा सोंडेपलीकडचा बरफ उचलून आणत होता. रोज दोन जण कंपनीकडं अर्ध्या वाटेपर्यंत जायचे, तिथं खालचे दोघं यायचे. रेशन आन टपाल तिथं बदलायचं. लखू सेटवर असायचा. सकाळी सहा वीस, दुपारी, संध्याकाळी. बाकी वेळ मी स्टोव्हला चिकटलेला.

दुसऱ्या दिवशी लखू बाहेरनं आला. म्हणला, "काशा, वर बघ रं जरा. सोंडेच्या कडेला वळचण निघालीय."

मी बाहेर डोकं काढलं. कडेवरून बरफ पुढं आला होता, घराच्या वळचणीसारखा. गोल, पांढरा, छान दिसत होता. मी म्हणलो, "लखू, टेंटाला छप्पर फुकट मिळालं. बोंब काय मारतोस?"

तिसऱ्या दिवशी ती दुप्पट झाली. हवालदार साहेब बराच वेळ बघत राहिले. मंग म्हणले, "वारा उतरला की टेंट वर घेऊ."

मी म्हणलो, "साहेब, वर थंडीनं मरू."

"बघू उद्या."

त्या दुपारी लखू गुडघ्यावर पत्र लिहीत बसला होता. तो चौथी पास होता. मला लिहिता येत नाय म्हणून माझी पत्रं तोच लिहायचा, आन त्यात माझ्या नावानं काय काय घालायचा ते देवालाच ठाऊक. मी विचारलं, "काय लिहितोस रं?"

"तुझी बदनामी."

"कुणाला?"

"आयला. म्हणलं, तिला पण कळू दे कर्जतचे लोक कसे असतात."

ते पत्र चौथ्या दिवशी टपालात खाली गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी वारा थांबला. सहा वाजता दोघं जण वाटेवर गेले. हवालदार साहेब आन एक जवान मोठ्या खडकामागं बरफ वितळवत होते, चहासाठी. टेंटात लखू आन मी.

आता मी का वाचलो ते सांगतो. आदल्या संध्याकाळी मी डब्यातलं गोड दूध चोरून सबंध प्यालो होतो. सहा जणांचं दूध. पहाटेपासून पोट धरून माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. सहा वाजून पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा उठलो. आमचा संडास वरच्या खडकाच्या सपाटीवर होता, कारण टेंटाजवळ नको म्हणून मीच सांगितलं होतं.

लखू सेट लावत होता. म्हणला, "परत चाललास? तिथंच बिऱ्हाड कर आता."

मी म्हणलो, "दूध मी नाय प्यालो."

"डबा तुझ्या पिट्टूत हाय. जा लवकर."

ते शेवटचं. मी वर पोचलो आन बसलो. थंडी कडक होती, पण हवा निवांत आन बरफावर चांदणं. खालून त्याचा आवाज चोख ऐकू येत होता. वन म्हणजे खालची कंपनी, टू म्हणजे आमी.

"हॅलो वन, टू बोलतोय. रिपोर्ट माय सिग्नल. ओवर."

मंग परत. "हॅलो वन, टू. ऑल ओके. रात्री काय नाय. ओवर."

मंग एक आवाज झाला. जाड कापड टरकवल्यासारखा. माझ्यापासून वीस पावलांवर ती वळचण तुटली आन खाली गेली. माझ्या डोळ्यांसमोर. मी पँट धरून उभा होतो. बरफाचा धूर उठला, बसला, आन खाली ओंजळ नव्हती. सपाट झालं होतं.

हवालदार साहेबांना कंबरेपर्यंत बरफ आला होता. ते निघाले. तो जवान पण निघाला. फावडी टेंटात होती, म्हणजे बरफाखाली. आमी मगांनी खणलं, पातेल्याच्या झाकणानं खणलं, हातांनी खणलं. हवालदार साहेब घड्याळ बघून वेळ सांगत होते. सहा तीस. सहा चाळीस. सात. मी ओरडत होतो, "लखू, दूध मी प्यालो रं. मीच प्यालो." का ते ओरडत होतो, मला ठाव नाय. आमचं शेवटचं बोलणं तेवढंच होतं.

सात वाजून पन्नास मिनिटांनी टेंटाचं कापड लागलं. ते फाडलं. आतून बारीक आवाज आला. मला वाटलं, लखू बोलतोय. तो हॅण्डसेट होता. खालून कंपनीवाला विचारत होता.

"हॅलो टू. हॅलो टू. नथिंग हर्ड. ओवर."

हॅण्डसेट लखूच्या हातात होता. तो झोपल्यासारखा दिसत होता असं लोक सांगतात ना, तसा नव्हता. पोरी, एवढंच लिही. पुढचं नको.

हवालदार साहेबांनी त्याच्या हातातून हॅण्डसेट सोडवला आन खाली सांगितलं, "हॅलो वन. टू. वन कॅज्युअल्टी. फेटल. ओवर."

लखूला खाली कंपनीत आणलं. आमीच खांद्यावर आणलं. उतरताना मला मागून धरायला कुणी नव्हतं, मी चार वेळा पडलो. दहन तिथंच झालं.

दोन दिवसांनी कॅप्टन साहेबांनी चौकशी केली. एकेकाला आत बोलावलं नाय, सगळ्यांना एकत्र उभं केलं. विचारलं, "साइट किसने चुनी थी?"

मी सावधानमध्ये उभा होतो. तोंड उघडायला हलावं लागतं, असं मला वाटलं. तेवढ्यात हवालदार साहेब म्हणले, "मैंने, साब."

कॅप्टन साहेबांनी लिहून घेतलं. मी काय बोललो नाय. आयुष्यात मी एकदाच गप बसलो, आन ते तिथं. हवालदार जाधव पुढं हवालदार म्हणूनच पेन्शनीला गेले. त्याच कारणानं का, ते मला ठाव नाय. विचारायची हिंमत झाली नाय, आन आता तेही गेले.

अस्थी घेऊन खालापूरला जायला मला विचारलं होतं, कारण गाव माझ्या ओळखीतलं. मी पाय दुखतात म्हणून सांगितलं. दुसरा जवान गेला.

मंग पुढच्या पौषात रजेवर घरी आलो. कडावला मळणी चालली होती. सकाळी मी खळ्यावर जाऊन माझ्या ठरलेल्या कामाला लागलो, म्हणजे चहा प्यायला. बा तिवईवर उभा राहून भात वारवत होता. सुपातून धार सोडायचा. दाणा खाली, फोलपट वाऱ्यावर. खळ्याच्या खालच्या अंगाला कुडाचा आडोसा होता, आमी जेवायला बसायचो तो. वारा त्या कुडावरून पलीकडं जायचा.

बा वरून म्हणला, "काशा, कुडामागं जेवणाची भांडी ठेवलीत ती काढ रं. पुरली असतील."

मी कुडामागं गेलो. तिथं वारा अजिबात नव्हता. आन मांडीपर्यंत फोलपट साचलं होतं. भांडी दिसत नव्हती. वरून अजून येत होतं. कुडावरून यायचं आन वाऱ्यातनं सुटलं की सरळ खाली पडायचं. माझ्या पायांवर.

मी तिथंच खाली बसलो. वारा जे उचलून आणतो ते आडोशाला टाकतो. हे आमच्या खळ्यावर शेंबड्या पोराला कळतं. मला लहानपणापासून दिसत होतं. वर डोंगरावर तो मूठभर बरफ माझ्या बुटांवर पडला, तवा तो मला हेच सांगत होता. मी त्याला म्हणलो, वारा मेला.

बा म्हणला, "काय रं, भांडी नाय मिळाली?"

मी म्हणलो, "मिळाली."

दुसऱ्या दिवशी एसटीनं चौक गाव आन तिथून खालापूर. पुढं पाताळगंगेच्या काठानं चालत. लखूचं घर मी कवा बघितलं नव्हतं, पण त्यानं इतकं सांगितलं होतं की विचारावं लागलं नाय. त्याची आय दारात वाल सोलत होती. मला बघून म्हणली, "तू कडावचा काशा ना? जागा शोधलेला?"

माझे पाय तिथंच थांबले. मला वाटलं, हिला कुणीतरी सांगितलं.

ती म्हणली, "बस रं बाबा. त्यानं लिवलंय तुझं." आत जाऊन तिनं पत्र आणलं. तिनं ते दोन हातांत धरलं आन म्हणायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, मास्तरांकडनं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. कागद सुलटा धरलाय का उलटा, ते तिला ठाव नव्हतं आन मलापण कळत नव्हतं.

"आय, काळजी करू नको. टेंटाला जागा चांगली मिळाली. वारा लागत नाय. कडावच्या काशानं शोधली. लय बडबड करतो, पण मनानं चांगला हाय. मी रजेवर येताना त्याला घेऊन येतो, त्याला तुझ्या हातची पोपटी खाऊ घाल."

मंग तिनं पत्राची घडी घातली.

मला आता निघून जाता आलं असतं. वाल सोलून, चहा पिऊन. पण मी सांगितलं. क्लासात झोपलेलो ते, लखू नको म्हणला ते, मी सगळ्यांना हसवलं ते, हवालदार साहेबांनी माझी चूक अंगावर घेतली ते. दूध पण सांगितलं. ती वाल सोलत राहिली. मी थांबलो तवा तिचे हात पण थांबले.

ती म्हणली, "वारा नव्हता ना लागत त्याला?"

मी म्हणलो, "नाय, आय. वारा नव्हता लागत."

"मंग खोटं नाय लिवलं त्यानं."

तिनं मला जेवायला वाढलं. निघताना म्हणली, "मळणी झाली की येत जा." त्यानंतर दर वर्षी गेलो. फौजेत होतो तवा रजा तशी घ्यायचो, नंतर तर काय मोकळाच. दर वर्षी ती वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावायची आन ते पत्र म्हणायची. शब्द न शब्द तेच. दोन वर्षांमागं ती आजारी पडली, तवा तिनं ते पत्र माझ्या हातात दिलं. म्हणली, "तुझ्याकडं ठेव." त्या पावसाळ्यात ती गेली.

पत्र मी ट्रंकेत ठेवलं. वाचून घ्यायचं डोक्यात आलं नाय. पाठच होतं.

काल हे लिहिताना पोरगी म्हणली, "बाबा, पत्र काढा. नीट बघून उतरवते." मी काढून दिलं. ती वाचायला लागली. काळजी करू नको. जागा चांगली मिळाली. वारा लागत नाय. कडावच्या काशानं शोधली. मी तिच्याबरोबर तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. आन ती पुढं गेली, तर माझं चुकलं.

मी म्हणलो, "थांब. हे कुठनं आलं?"

ती म्हणली, "हाय ना इथं लिहिलेलं. 'टेंट मी वर लावूया म्हणत होतो. पण काशाचे पाय थंडीनं गेलेत, वर तो टिकला नसता, म्हणून मी गप बसलो.'"

मी म्हणलो, "परत वाच."

तिनं परत वाचलं. मंग पुढची ओळ. लय बडबड करतो, पण मनानं चांगला हाय.

म्हणजे मी त्या दिवशी दारात उभा राहायच्या आधीपासून आयला ठाव होतं. आन दर वर्षी माझ्यापुढं बसून, सगळं पत्र म्हणून, ती तेवढी एक ओळ गाळत होती.

पलटणीच्या कागदात काय लिहिलंय ते मला बदलता येत नाय. इथं तरी नीट लिही, पोरी. सिपाही लक्ष्मण, वायरलेस ऑपरेटर, गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठाला. वय तेवीस. सकाळी सहा वीसला सेटवर होता. ऑल ओके म्हणला. जागा हवालदार जाधवांनी निवडली नाय. सिपाही काशिनाथनं निवडली, कडावच्या. सही मी करतो. या वेळी नीट येऊ दे.